घटना कशी लिहिली गेली?

घटनेची कलमे पाठ करून घेण्यापूर्वी ती कशी लिहिली गेली, हे मुलांस सांगावे. लोकशाहीचा पहिला धडा तेथेच आहे.

घटना समिती 9 डिसेंबर 1946 रोजी प्रथम भरली. प्रांतांतील तिचे सभासद प्रांतिक विधिमंडळांनी निवडले होते, आणि त्या विधिमंडळांसाठी मताधिकार थोड्यांनाच होता. ही उणीव कामाच्या रीतीने पुष्कळशी भरून निघाली. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालील समितीचा मसुदा फेब्रुवारी 1948 मध्ये प्रसिद्ध होऊन सुमारे आठ महिने लोकांपुढे राहिला. त्यावर 7,635 दुरुस्त्या सुचविण्यात आल्या. त्यांपैकी 2,473 सभागृहात मांडल्या जाऊन त्यांचा निर्णय झाला. 26 नोव्हेंबर 1949 रोजी घटना स्वीकृत झाली. थोड्यांच्या मतांतून उभ्या राहिलेल्या या सभेने प्रत्येक प्रौढ नागरिकास मत दिले.

वर्गकार्य : वर्गाचे पाच नियम मुलांकडूनच करवावेत. मसुदा आठवडाभर फळ्यावर ठेवावा, हरकती ऐकाव्यात, मग मते घ्यावीत. ज्याची सूचना नामंजूर झाली, तो मुलगा नियम पाळतो की नाही, इकडे शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे. आपले म्हणणे ऐकले गेले अशी ज्याची खात्री असते, तो हरल्यावरही नियम आपलाच मानतो.