बांधाचा पाठ
(पेण-रोहे भागातील एक अभ्यास)

हरिपाठ झाला, पसायदान झाले, बुक्का लागला, की मंडळी उठायची असा आपला परिपाठ. परंतु पेणच्या खारेपाटात एका गावी सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काला वाटून झाला तरी चार-सहा म्हातारी माणसे मांडवात बसूनच राहिली. त्यातले एक माळकरी बाबा म्हणाले, "बुवा, आठ दिवस तुम्ही साऱ्या विश्वासाठी मागणं मागितलंत. छान झालं. पण आमच्या बाहेरकाठ्याला खांड पडली आहे. उधाणाला खारं पाणी थेट शेतात येतं. विश्वाचं होईल तेव्हा होईल हो, आमच्या बांधाचं काय?"

मला त्या वेळी नीट उत्तर देता आले नाही. घरी येऊन जे वाचले, जाणत्यांना विचारले आणि जे मनाशी जुळवले, ते वारकरी बंधुभगिनींपुढे अभ्यासासाठी ठेवीत आहे.

देशावरच्या वारकऱ्याला खारेपाट म्हणजे काय हे ठाऊक नसते, म्हणून आधी तेवढे सांगतो. पेणजवळ धरमतरची खाडी आत शिरलेली आहे. भरतीचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. या पाण्याला मातीचा बांध घालून पूर्वजांनी आतली जमीन भातासाठी मिळवली. खाडीकडचा जो मोठा बांध तो बाहेरकाठा. पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून त्यात ठेवलेली जी दारे, त्या उघाड्या. ओहोटीला दार उघडते, गोडे पाणी जाते. भरतीला मिटते, खारे पाणी अडते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते, अष्टमीच्या आसपास भांग असतो, म्हणजे पाण्याचा जोर कमी. आपण तिथी पाहतो ती उपासासाठी आणि वारीसाठी. खारेपाटातला शेतकरी तीच तिथी बांधासाठीही पाहतो. मला तर वाटते, पंचांग त्याच्याइतके पोटतिडकीने कोणी वाचत नसेल.

आता यातली मेख पाहा. बाहेरकाठा हा एकट्याचा नसतोच. माझ्या शेतासमोरचा बांध मी चांगला राखला आणि शेजाऱ्याने त्याचा सोडला, तर पाणी त्याच्या खांडीतून शिरून माझ्याही शेतात येते. पाणी सातबारा वाचीत नाही. एकदा खारे पाणी बसले की पुढचे पावसाळे जमीन धुऊन निघेपर्यंत पीक धड येत नाही. म्हणून या भूमीत सगळ्यांनी एकत्र बसून बोलणे ही हौस नव्हती. त्यावाचून पोटाला भात मिळत नव्हता. जुन्या काळी येथे शिलोत्री नावाची वहिवाट होती. बांध घालून जमीन उठवणाऱ्यांना ती लावून दिलेली असे, आणि मुख्य बांधाच्या दुरुस्तीसाठी कुळांकडून धान्य घेतले जाई. त्या देण्याला शिलोत्री मण म्हणत. ही व्यवस्था निर्दोष होती असे कोणी समजू नये. धान्य घ्यायचे आणि बांधाकडे पाहायचे नाही, असे करणारेही असणारच. शिवाय याच कुलाबा जिल्ह्यात खोतीच्या जाचाविरुद्ध चरीच्या शेतकऱ्यांनी 1933 साली संप पुकारला आणि काही वर्षे जमिनी पडीक ठेवून उपास काढले, नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. जुने ते सारे सोने, असे म्हणायला जागा नाही.

पुढे 1948 साली मुंबई राज्यात खारभूमीचा कायदा झाला, 1979 साली महाराष्ट्राचा खारभूमी विकास कायदा आला, आणि मोठे बांध हळूहळू सरकारी खात्याच्या अंगावर गेले. हे एका परीने बरेच झाले. माणसाच्या खांद्यावरची माती यंत्राने पडू लागली. पण त्याबरोबर एक गोष्ट निसटली. पूर्वी खांड दिसली की गाव फावडे घेऊन धावे. आता अर्ज घेऊन धावते. अर्ज मंजूर होईतो उधाण थांबत नाही. खांड रुंदावते, आत तिवरे उगवतात. आणि तिवरे तोडणे आता कायद्याने बंद आहे. मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांच्या रक्षणाचा आदेश 2005 साली दिला आणि 2018 साली तो पक्का केला.

येथे वाचकाने घाई करू नये. तिवर काही वैरी नाही. त्याच्या मुळांशी मासळीची पिल्ले वाढतात, लाटेचा मार तो आधी अंगावर घेतो आणि मागचा बांध टिकतो. शेतकऱ्याची जमीन गेली हे खरे, आणि तिवर राखला पाहिजे हेही खरे. दोन्ही खरी असलेली अशी गोष्ट एका हुकुमाने सुटत नाही. खाडीवरचा कोळी, बांधाआडचा शेतकरी, सरकारी माणूस, सगळे एका घोंगडीवर बसले तरच काही वाट निघेल.

आणि आता तर समुद्रच वर येत आहे. जगभरच्या शास्त्रज्ञांच्या मंडळाने 2021 साली सांगितले की 1901 ते 2018 या काळात साऱ्या पृथ्वीवरील समुद्राची पातळी सरासरीने सुमारे 20 सेंटिमीटर वाढली, आणि अलीकडे वाढीचा वेगही वाढला आहे. कोळसा आणि तेल जाळल्याने हवा तापते, बर्फ वितळते, पाणी तापून फुगते, असे त्याचे कारण. वीत-दीड वीत म्हणजे काय मोठेसे, असे देशावरचा माणूस म्हणेल. ज्याचा बांध उधाणाला काठोकाठ भरतो, त्याला विचारा. धूर कोणत्या देशाच्या कारखान्याचा हे खाडी विचारीत नाही. माळकरी बाबा विश्व आणि बांध वेगळे करू पाहत होते. पण विश्वच त्यांच्या उघाडीशी येऊन उभे राहिले आहे.

दूर युरोपात हॉलंड नावाचा देश आहे. त्याचा मोठा भाग समुद्रसपाटीखाली. तेथे शेतकऱ्यांनी बांध राखण्यासाठी जलमंडळे स्थापली. त्यांपैकी ऱ्हाइनलँड नावाच्या मंडळाला 1255 सालची सनद आहे. म्हणजे माउलींनी शके 1212 मध्ये, इसवी 1290 साली, नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली, त्याच्या आधीपासून ते लोक बांधासाठी एकत्र बसत आहेत आणि अजूनही बसतात. त्यांचा एक जुना रिवाज असा, की ज्याला आपल्या वाटणीचा बांध राखणे झेपेना त्याने बांधात फावडे रोवून निघून जावे. जो ते फावडे उपटील त्याची जमीन, आणि त्याच्याच गळ्यात बांध. रिवाज कठोर खरा, पण त्यात हक्क आणि कर्तव्य एकाच दांड्याला बांधलेले आहेत.

आपल्याकडेही असे बसणे झालेले आहे. पेण, उरण आणि पनवेल तालुक्यांतील 45 गावांची जमीन एका विशेष आर्थिक क्षेत्रासाठी घेण्याचे ठरले, तेव्हा गावोगाव सभा झाल्या. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखे वयोवृद्ध पुढारी त्यात होते. अखेर हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातील 22 गावांत 21 सप्टेंबर 2008 रोजी शेतकऱ्यांचे मतदान घेतले गेले: जमीन द्यायची की नाही? पुढे ते भूसंपादन तडीस गेले नाही. कोण जिंकले याचा हिशेब येथे मांडायचा नाही. अभ्यासाचा मुद्दा एवढाच, की ज्याच्या नातवंडांचा प्रश्न होता त्याला कोणी तरी विचारले, आणि विचारण्याआधी त्याने देवळात, पारावर, ओटीवर बसून शेजाऱ्याशी बोलून घेतले होते. मात्र त्याच हेटवण्याचे पाणी नवी मुंबईला जाते आणि खारेपाटातल्या बायका उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यासाठी ताटकळतात. त्याबद्दल मत कधी घेतले गेले?

विनोबाजींचे जन्मगाव गागोदे याच पेण तालुक्यात. 11 सप्टेंबर 1895 चा त्यांचा जन्म. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम त्यांच्या जिभेवर. 1958 साली ते पंढरीला आले आणि निरनिराळ्या धर्मांच्या माणसांना बरोबर घेऊन विठ्ठलाच्या पायांशी गेले. भूदानापासून ते ग्रामदानापर्यंत चालत गेले. जमीन गावाची, आणि निर्णय सगळ्यांच्या संमतीने, ही त्यांची मांडणी. त्यांचा 'जय जगत्' हा घोष पुष्कळांना फार उंचावरचा वाटतो. परंतु गागोद्याहून खारेपाट काही लांब नाही, आणि खारेपाटात जगत् आणि गाव एकाच बांधावर उभे असते. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने हा विचार अंगी लावून घेतला. तेथे आधी अभ्यासगटात विषयाचा खल होतो, मग ग्रामसभा सर्वसहमतीने ठरवते. एकाचेही समाधान झाले नसेल तर पुन्हा बसतात. वेळ लागतो. लागू दे. आपणही एका अभंगावर दोन-दोन तास निरूपण ऐकतोच की!

रोह्याला पांडुरंगशास्त्री आठवल्यांचा जन्म झाला, 19 ऑक्टोबर 1920 रोजी. त्यांचा मार्ग आपल्या संप्रदायाहून निराळा. पण योगेश्वर कृषी ही त्यांची कल्पना पाहण्यासारखी आहे. गावाच्या एका शेतात प्रत्येकाने वर्षातले काही दिवस श्रम करावेत, मालक कोणीच नाही, पीक देवाचे, आणि त्यातून अडल्यानडल्याला द्यावे. श्रम म्हणजेच पूजा. हेच बाहेरकाठ्यावर झाले तर? भांगाच्या दिवसांत, शिमग्यानंतर आणि मृगाआधी, टाळकऱ्यांनी घरटी एक माणूस काढला, तर खात्याचा अर्ज आणि गावाचे फावडे दोन्ही चालतील. मात्र मोठी खांड फावड्याने भरत नाही. तेथे खात्यालाच जाब विचारला पाहिजे आणि गावाने एकमुखाने विचारला पाहिजे.

रोह्याची कुंडलिका नदी बारमाही वाहते, ती कशी, हे वारकऱ्यांनी मुद्दाम समजून घ्यावे. घाटावर मुळा नदीला मुळशीचे धरण आहे. त्याविरुद्ध सेनापती बापटांनी 1921 साली मावळ्यांसह सत्याग्रह केला. त्या धरणाचे पाणी डोंगरातून खाली भिऱ्याला आणून त्यावर वीज करतात आणि मग ते कुंडलिकेत सोडतात. धरण नसते तर हे पाणी मुळेतून मुळा-मुठेत, तेथून भीमेत, आणि भीमेतून पंढरीच्या वाळवंटापाशी गेले असते! म्हणजे रोह्याच्या घाटावर आपण ज्यात हात बुडवतो, ते वाट बदललेले चंद्रभागेचेच पाणी. कोलाडच्या पुढे ते शेतीला मिळते, धाटावच्या रासायनिक कारखान्यांनाही मिळते, आणि खाली मासळी धरणाऱ्यांच्या जाळ्यापर्यंत जाते. कारखान्यात रोहेकरांची मुले कामाला आहेत, नदीवर रोहेकरांचेच कोळी. पंढरीत नदी स्वच्छ ठेवा म्हणून आपण सांगतो, तेव्हा या वाट चुकलेल्या चंद्रभागेचेही नाव घ्यावे.

पेणचे मूर्तिकार, हमरापूर-जोह्याचे कारखाने, यांच्यापुढेही असाच पेच आहे. शाडू पाण्यात विरघळतो, पण महाग आणि जड. प्लास्टर हलके आणि स्वस्त, पण पाण्यात तसेच पडून राहते. 2020 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लास्टरच्या मूर्तींना मनाई केली, 2025 साली उच्च न्यायालयाने मूर्ती घडवायला मोकळीक दिली. हजारो हातांची रोजी त्यात आहे. नुसते "प्लास्टर नको" म्हणणाऱ्याने आपण शाडूच्या मूर्तीचे चार पैसे जास्त देतो का, हे आधी पाहावे.

त्या म्हाताऱ्या बाबांकडे मी पुन्हा गेलो होतो. त्यांना म्हटले, "पुढल्या सप्ताहात एक दिवस कीर्तन अर्धा तास आवरतो, आणि मग सगळे बसू. कोळ्यांनाही बोलवा, बायकांनाही बोलवा, पाणी त्याच भरतात." ते म्हणाले, "बसू की. पण बुवा, अष्टमीच्या आसपासचा दिवस धरा. पौर्णिमेला आम्ही बांधावर असतो."

दिवस धरला आहे. जवळपासच्या दिंडीकऱ्यांनी यावे, येताना फावडे आणले तरी चालेल.