मोतीबिंदू, घरगुती उपाय आणि उपचाराची सुन्नत

दिव्य कुरआनात श्रवण, दृष्टी आणि अंतःकरण या तीन देणग्यांचा उल्लेख वारंवार एकत्र येतो. सूरह अन-नहल, सूरह अस-सजदा आणि सूरह अल-मुल्क यांमध्ये त्या आठवून देताना मानवाच्या कृतज्ञतेविषयी विचारणा केली आहे, तर सूरह बनी इस्राईलमध्ये या तिन्हींचा जाब विचारला जाईल, असा इशारा दिला आहे. यावरून दृष्टी ही अमानत आहे, हे स्पष्ट होते. डोळ्यांनी काय पाहिले याचा जसा हिशोब आहे, तसाच त्या डोळ्यांची निगा कशी राखली याचाही विचार श्रद्धावंताने केला पाहिजे.

वर्धा जिल्ह्यात आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, देवळी अशा गावांत आणि आसपासच्या खेड्यांत पन्नाशी-साठीनंतर नजर धुरकट होऊ लागली की पहिला उपाय बहुधा घरातच शोधला जातो. कोणी डोळ्यांत मधाचे थेंब टाकतो. कोणी मधात कांद्याचा, आल्याचा व लिंबाचा रस मिसळतो. कोणी गुलाबजल, एरंडेल, कलौंजीचे तेल, त्रिफळ्याचे पाणी किंवा सुरमा वापरतो. यांपैकी काही गोष्टींचा उल्लेख हदीसमध्ये असल्यामुळे आपल्या घरांत हे उपाय केवळ औषध म्हणून नव्हे, तर सुन्नत समजून श्रद्धेने केले जातात. म्हणूनच हा प्रश्न वैद्यकाइतकाच धर्माच्या योग्य आकलनाचाही आहे.

मोतीबिंदू म्हणजे काय?

बाहुलीच्या मागे एक पारदर्शक भिंग असते. ते पाणी आणि विशिष्ट प्रथिने यांचे बनलेले असून त्यात रक्तवाहिन्या नसतात. वयोमानाने ही प्रथिने एकमेकांना चिकटून गढूळ होतात, प्रकाश अडतो आणि दृष्टी धूसर होते. कच्च्या अंड्यातील पारदर्शक बलक उष्णतेने पांढरा होतो आणि थंड केल्यावर पुन्हा पूर्ववत होत नाही, त्याच प्रकारचा हा बदल आहे.

मोतीबिंदू म्हणजे बुबुळावर साचलेला मळ किंवा वाढलेला पडदा नव्हे. त्यामुळे तो धुऊन निघत नाही आणि बाहेरून टाकलेल्या थेंबांनी विरघळतही नाही. मध डोळ्यांत झोंबतो, अश्रू वाहतात आणि क्षणभर डोळा स्वच्छ झाल्यासारखा वाटतो. परंतु गढूळ भिंग जसेच्या तसे आतच राहते. मोतीबिंदू विरघळवणाऱ्या थेंबांचा शोध शास्त्रज्ञही घेत आहेत. लॅनोस्टेरॉल नावाच्या पदार्थाचे प्राण्यांवरील प्रयोग २०१५ मध्ये गाजले होते. मात्र माणसाचा मोतीबिंदू घालवणारे सिद्ध औषध अद्याप हाती आलेले नाही.

मग काही लोकांना घरगुती उपायाने गुण आल्यासारखे का वाटते? एका प्रकारच्या मोतीबिंदूत भिंगाचा मध्यभाग कठीण होतो, त्यामुळे डोळ्याचा नंबर बदलतो आणि जवळचे काही काळ चष्म्याशिवाय दिसू लागते. आजोबांना अचानक चष्म्याविना वाचता येते आणि घरातील सर्वजण त्याचे श्रेय मधाला किंवा सुरम्याला देतात. वास्तविक ते रोग पुढे सरकत असल्याचे लक्षण असते. काही महिन्यांत हा आभास सरतो आणि तोवर मौल्यवान काळ निघून गेलेला असतो.

हदीसमधील औषधे आणि आपला वापर

सूरह अन-नहलच्या ६९ व्या आयतीत मधमाशीच्या पोटातून निघणाऱ्या पेयात लोकांसाठी शिफा असल्याचे सांगितले आहे. यावर आमचा पूर्ण विश्वास आहे. परंतु ती आयत पेयाविषयी बोलते. डोळ्यांत मध टाकल्याने मोतीबिंदू जातो, असे तिच्यात कोठेही म्हटलेले नाही. बुखारी व मुस्लिम या संग्रहांत कलौंजी ही मृत्यूखेरीज सर्व रोगांवर औषध असल्याची हदीस आहे. इमाम खत्ताबी (रह.) यांच्यासारख्या भाष्यकारांनी तिचा अर्थ लावताना शब्द व्यापक असले तरी अभिप्राय विशिष्ट रोगांचा आहे, असे स्पष्ट केले आहे. ‘कमआ’ या वाळवंटी कंदासारख्या बुरशीचे पाणी डोळ्यांसाठी शिफा आहे, अशीही सहीह हदीस आहे. पण आपल्या शेतात पावसाळ्यात उगवणारी अळिंबी म्हणजे कमआ नव्हे. तिचा रस डोळ्यांत पिळणे धोक्याचे आहे.

इस्मिद या सुरम्याने दृष्टी उजळते, अशी हदीस अबू दाऊद, तिर्मिजी आदींच्या संग्रहांत आहे. आज बाजारात ‘इस्मिद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक पुड्यांत मात्र शिशाचे संयुग आढळते. शिसे शरीरात साचते आणि लहान मुलांच्या मेंदूला त्यापासून अपाय होतो. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ज्याची शिफारस केली ते इस्मिद आणि दुकानातील अनोळखी काळी पूड एकच आहे, असे गृहीत धरणे ही सुन्नतची जपणूक होऊ शकत नाही.

कांद्याच्या व लिंबाच्या रसाने, रुईच्या चिकाने किंवा घरी केलेल्या अस्वच्छ मिश्रणाने बुबुळाला जखम होऊ शकते. तिच्यात जंतुसंसर्ग झाला तर पांढरा डाग पडतो आणि शस्त्रक्रियेने परत मिळू शकणारी दृष्टी कायमची जाण्याची भीती असते. स्वतः अपाय सोसू नये आणि दुसऱ्याला अपाय करू नये, हा इस्लामी शरीयतचा प्रसिद्ध नियम आहे. वैद्यकाचे ज्ञान नसताना जो उपचार करतो, तो होणाऱ्या हानीला जबाबदार आहे, ही शिकवणही अबू दाऊद यांच्या संग्रहात आढळते. शेजाऱ्याच्या डोळ्यांत सद्भावनेने थेंब टाकणाऱ्यानेही तिचा विचार करावा.

उपचार घेणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही

अल्लाहने रोगासोबत त्याचे औषधही उतरवले आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आणि सहाबांनी विचारल्यावर उपचार घेण्याची आज्ञा दिली. माननीय उबई बिन काब (रजि.) यांच्याकडे त्यांनी वैद्य पाठवला आणि त्या वैद्याने शीर कापून डागणी दिली, असे सहीह मुस्लिममध्ये नमूद आहे. म्हणजे शरीरावर शस्त्र चालवणारा उपचार खुद्द प्रेषितकाळात झाला होता.

दोन प्रिय गोष्टी, म्हणजे डोळे, गमावूनही जो सब्र करतो त्याला जन्नतची शुभवार्ता आहे. ही हदीस दुःखितांसाठी मोठा दिलासा आहे. परंतु सब्र म्हणजे उपाय उपलब्ध असताना हातावर हात ठेवून बसणे नव्हे. माननीय याकूब (अ.) यांचे डोळे दुःखाने पांढरे झाले आणि माननीय यूसुफ (अ.) यांचा सदरा चेहऱ्यावर टाकताच दृष्टी परतली, हा प्रसंग सूरह यूसुफमध्ये आला आहे. तो प्रेषितांसाठी घडलेला चमत्कार होता. आपल्यासाठी अल्लाहने साधने ठेवली आहेत आणि साधनांचा अवलंब करून निकाल त्याच्यावर सोपवणे हाच तवक्कुल होय.

नमाज, वुजू आणि कृत्रिम भिंग

अनेक नमाजी वडीलधारी मंडळी शस्त्रक्रिया टाळतात, यामागे एक प्रामाणिक भीती असते: सजदा चुकेल, वुजू होणार नाही. ही भीती नवी नाही. माननीय अब्दुल्लाह इब्ने अब्बास (रजि.) यांच्या डोळ्यांत ‘पाणी उतरले’, म्हणजे ज्या शब्दांत अरब मोतीबिंदूचे वर्णन करीत तो विकार झाला, तेव्हा वैद्यांनी उपचाराची तयारी दर्शवली, पण काही दिवस उताणे राहून नमाज अदा करावी लागेल, असे सांगितले. त्यांनी इतर सहाबांचा सल्ला घेतला आणि उपचार नाकारला, अशी रिवायत आहे. ती त्यांची वैयक्तिक परहेजगारी होती. पुढे फुकहांनी नेमक्या याच प्रश्नाची चर्चा केली. इमाम मालिक (रह.) यांनी परवानगी दिली नाही, मात्र हनफी ग्रंथांनुसार जाणकार वैद्याने मनाई केली असेल, तर आडवे राहून इशाऱ्याने अदा केलेली नमाज होते. शाफई आणि हंबली विद्वानांचा प्रमुख कलही असाच आहे.

आज तर उताणे पडून राहण्याचीही गरज उरलेली नाही. बहुतेक रुग्ण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी चालत जातात. काही दिवस खाली वाकू नये आणि डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नये, एवढेच पथ्य सांगितले जाते. तेवढ्या दिवसांत उभे राहून किंवा खुर्चीवर बसून रुकू व सजदा इशाऱ्याने करावा. वुजूत बाकीचे अवयव धुऊन चेहऱ्यावर ओला हात फिरवावा आणि डोळ्यावर पट्टी असल्यास तिच्यावर मसह करावा. प्रत्येकाची स्थिती वेगळी असते. म्हणून डॉक्टरांची सूचना घेऊन जवळच्या आलिमांना विचारावे. रमजानमध्ये डोळ्यांत टाकलेल्या औषधाने रोजा तुटत नाही, असा निर्णय जेद्दाह येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९९७ मध्ये दिला आहे.

कृत्रिम भिंग बसवणे म्हणजे अल्लाहच्या निर्मितीत बदल करणे नव्हे काय, असेही विचारले जाते. माननीय अरफजा (रजि.) यांचे नाक युद्धात कापले गेले होते. त्यांनी बसवलेल्या चांदीच्या नाकाला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना सोन्याचे नाक बसवण्यास सांगितले. गमावलेल्या अवयवाची भरपाई करणे निषिद्ध नाही, हे यातून दिसते.

मुस्लिम नेत्रवैद्यांचा वारसा

सुईने गढूळ भिंग मागे ढकलण्याची पद्धत प्राचीन काळापासून चालत आली होती. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत तिचे वर्णन आहे. इसवी सन १००० च्या सुमारास कैरो येथील अम्मार बिन अली अल-मौसिली यांनी पोकळ सुईने मोतीबिंदू शोषून काढण्याची रीत लिहून ठेवली. बगदादचे अली बिन ईसा यांचा नेत्ररोगांवरील ग्रंथ कित्येक शतके शिकवला गेला. मध आणि कलौंजीच्या हदीस या विद्वानांच्या समाजातही सर्वपरिचित होत्या. तरीही मोतीबिंदूसाठी त्यांनी शस्त्रच हाती घेतले. १९४९ मध्ये लंडनचे हॅरोल्ड रिडली यांनी पहिले कृत्रिम भिंग बसवले आणि शस्त्रक्रियेनंतर जाड चष्म्याची सक्ती संपण्याचा मार्ग खुला झाला.

वर्धेच्या भूमीलाही हा धडा परिचित आहे. माती-पाण्याच्या नैसर्गिक उपचारांचे मोठे पुरस्कर्ते असलेल्या गांधीजींनी सेवाग्रामला वास्तव्य केले. पण १९२४ च्या जानेवारीत अपेंडिक्सचा विकार बळावला, तेव्हा पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांनीही शस्त्रक्रिया करून घेतली होती. त्याच सेवाग्राममध्ये कस्तुरबा रुग्णालय उभे राहिले आणि १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांच्या पुढाकाराने महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली. वर्धा शहरातील जिल्हा सामान्य रुग्णालय आणि सावंगी (मेघे) येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयही जवळच आहे. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम १९७६ पासून चालू असून त्याअंतर्गत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया विनामूल्य होते. असे असूनही २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढील अंधत्वापैकी सुमारे दोन तृतीयांश अंधत्व उपचार न झालेल्या मोतीबिंदूमुळे असल्याचे आढळले.

घरात काय करता येईल?

मोतीबिंदू घरात बरा होत नसला तरी कुटुंबाला करण्यासारखे बरेच आहे. उन्हात टोपी, दुपट्टा किंवा काळा चष्मा वापरावा. विडी-सिगारेट सोडावी आणि मधुमेह आटोक्यात ठेवावा. औषधाच्या दुकानातून डॉक्टरांना न विचारता आणलेले स्टेरॉइडचे थेंब टाळावेत. त्यांनीच मोतीबिंदू व काचबिंदू होऊ शकतो. सुरुवातीच्या काळात चष्म्याचा नंबर बदलून आणि चांगल्या उजेडात काम करून निभावते. दैनंदिन कामे, चालणे किंवा कुरआनचे पठण अडू लागले की शस्त्रक्रियेची वेळ आली, असे समजावे.

‘मोतीबिंदू पिकू द्यावा’ हा सल्ला जुन्या शस्त्रक्रियांच्या काळातील आहे. अति पिकलेल्या मोतीबिंदूमुळे डोळ्यातील दाब वाढून तीव्र वेदना होतात आणि दृष्टी कायमची जाऊ शकते. हिवाळ्याची किंवा कापसाची वेचणी संपण्याची वाट पाहण्याचेही वैद्यकीय कारण नाही. तपासणी गावातील शिबिरात झाली तरी शस्त्रक्रिया रुग्णालयातच करून घ्यावी. कोणतीही शस्त्रक्रिया पूर्णतः निर्धोक नसते. म्हणून नंतर डोळा लाल झाला, दुखू लागला किंवा नजर घसरली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले तर ‘ऑपरेशन फसले’ असे समजू नये. भिंगामागील पातळ पडदा गढूळ झाला असल्यास तो लेझरने मोकळा करता येतो.

आता या वयात डोळे कशाला, असे म्हणून घरातील वृद्ध स्त्रिया बहुधा स्वतःच मागे राहतात आणि मुले ते खरे मानतात. सूरह बनी इस्राईलमध्ये आईवडिलांच्या वार्धक्यात त्यांच्यासमोर नम्रतेने झुकण्याची आज्ञा आहे. आईला तपासणीला नेणे, शस्त्रक्रियेनंतर तिच्या डोळ्यांत वेळेवर औषध घालणे आणि नमाजच्या वेळी तिच्यासाठी खुर्ची मांडणे हे त्या आज्ञेचेच पालन आहे. मध अवश्य प्यावा, दुआ अवश्य करावी आणि डोळे मात्र जाणत्याच्या हाती सोपवावेत.

अल्लाह आपल्या सर्वांना दृष्टीच्या देणगीची कदर करण्याची सुबुद्धी देवो, रुग्णांना शिफा देवो आणि आपल्या वडीलधाऱ्यांची सेवा आपल्या हातून घडवो. आमीन.