पित्त, पित्ताशय आणि खडे

प्रस्तावना

मराठीत 'पित्त' हा शब्द रोजच्या बोलण्यात अनेक अर्थांनी येतो. छातीत जळजळ होऊन आंबट ढेकर आली, की 'पित्त झाले' असे म्हणतात. अंगावर खाज सुटून गांधी आल्या, की 'पित्त उठले' म्हणतात. एखादा माणूस संतापला, की त्याचे 'पित्त खवळले' असे म्हटले जाते. आयुर्वेदात वात, पित्त आणि कफ या तीन दोषांपैकी पित्त हा एक दोष मानला आहे. आधुनिक शरीरशास्त्रात मात्र पित्त हा यकृतात तयार होणारा एक पाचक रस आहे. एकाच शब्दाचे हे पाच अर्थ एकमेकांत मिसळले, म्हणजे केवळ भाषेत गोंधळ होतो असे नाही. कधी कधी आजार ओळखण्यासही उशीर होतो. पित्ताशयातील खडे हा असाच एक आजार आहे.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला –
• पित्ताशयाचे कार्य व खडे होण्याची कारणे सांगता येतील;
• साधी आम्लता आणि खड्याची कळ यांतील फरक ओळखता येईल;
• निदान व उपचार यांच्या पद्धती स्पष्ट करता येतील;
• 'आशय' हे उत्तरपद असलेल्या शब्दांचा अर्थ सांगता येईल.

मूळ पाठ

१. पंगतीनंतरची कळ

अशी कल्पना करा, की घरातील लग्नाच्या जेवणानंतर मध्यरात्री चाळिशीतील एका गृहिणीच्या पोटात उजव्या बरगडीखाली कळ येते. कळ पाठीकडे जाते, मळमळते, कोणत्याही कुशीवर वळले तरी चैन पडत नाही. 'तेलकट खाल्ले, पित्त झाले' असे म्हणून ती थंड दूध घेते. दोन तासांनी कळ ओसरते आणि दुधाने गुण आला असा सर्वांचा समज होतो. महिन्याभराने पुन्हा तेच घडते आणि पुन्हा तोच उपाय केला जातो.

वस्तुतः ती कळ दुधाने थांबलेली नसते. पित्ताशयाच्या तोंडाशी अडकलेला खडा मागे सरकला, म्हणून ती थांबलेली असते. या आजाराची फसवी बाजू नेमकी हीच आहे. कळ आपोआप थांबते आणि श्रेय घरगुती उपायाला मिळते. खडा मात्र जागच्या जागी राहतो.

२. पित्ताशयाचे कार्य

यकृत रोज सुमारे अर्धा ते एक लिटर पित्तरस तयार करते. यकृताच्या खालच्या बाजूस पेरूच्या नव्हे, तर नासपतीच्या आकाराची ७ ते १० सेंटिमीटर लांबीची एक पिशवी असते. तिलाच पित्ताशय म्हणतात. तिच्यात साधारणपणे ३० ते ५० मिलिलिटर पित्त मावते. जेवणांच्या मधल्या वेळेत पित्त येथे साठते आणि त्यातील पाणी शोषले जाऊन ते दाट होते. स्निग्ध अन्न लहान आतड्यात पोचले, की पित्ताशय आकुंचन पावते आणि पित्त पित्तवाहिनीतून आतड्यात उतरते. तेथे ते स्निग्ध पदार्थांच्या पचनास मदत करते. तेलकट जेवणानंतरच कळ का येते, याचे उत्तर या आकुंचनात आहे.

३. खडे का होतात?

साखरेचा दाट पाक बराच काळ न हलवता ठेवला, तर त्यात खडीसाखरेचे स्फटिक जमतात. पित्ताशयातही काहीसे असेच घडते. पित्तात कोलेस्टेरॉल विरघळलेले असते. त्याचे प्रमाण वाढले किंवा पित्ताशय नीट रिकामे होईनासे झाले, की त्याचे कण बनतात आणि कणांचे खडे होतात. काही खडे वाळूच्या कणाएवढे, तर काही लिंबाएवढे असतात.

हा आजार पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. वाढते वय, लठ्ठपणा, मधुमेह, गरोदरपण आणि कुटुंबातील पूर्वेतिहास यांमुळे त्याची शक्यता वाढते. फार झपाट्याने वजन उतरवणे आणि दीर्घकाळ उपाशी राहणे हीदेखील कारणे आहेत. दुसऱ्या प्रकारचे खडे तांबड्या रक्तपेशी फुटून निघणाऱ्या रंगद्रव्याचे बनतात. त्यामुळे सिकलसेल या आनुवंशिक आजारात लहान वयातही खडे होऊ शकतात. महाराष्ट्रात गडचिरोली, नंदुरबार यांसारख्या जिल्ह्यांत सिकलसेलचे रुग्ण आढळतात.

मुतखडा आणि पित्ताशयातील खडा हे दोन वेगळे आजार आहेत. भरपूर पाणी प्यायल्याने लहान मुतखडा लघवीवाटे पडून जाऊ शकतो. पित्ताशय मूत्रमार्गाला जोडलेले नसल्यामुळे तेथील खडा असा पडून जात नाही.

पाठगत प्रश्न १
(अ) पित्त कोठे तयार होते आणि कोठे साठते?
(आ) पाणी पिऊन पित्ताशयातील खडा का पडत नाही?

४. लक्षणे आणि धोक्याच्या खुणा

पित्ताशयात खडे असलेल्या बहुसंख्य लोकांना कोणताही त्रास होत नाही. दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत ते अवचित दिसतात.

त्रास होतो तेव्हा पोटाच्या वरच्या भागात, मध्यभागी किंवा उजवीकडे, सलग कळ येते. ती पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे जाते आणि अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत टिकते. आम्लतेत छातीत व घशाशी जळजळ होते आणि आम्लशामक औषधाने बहुधा आराम पडतो. खड्याच्या कळेवर त्या औषधाचा उपयोग होत नाही.

पुढील खुणा दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे :
• कळ ५-६ तासांहून अधिक टिकणे, किंवा कळेबरोबर ताप व थंडी येणे. पित्ताशयाला सूज आल्याची ही खूण असू शकते.
• डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, शौच पांढरट होणे. खडा पित्तवाहिनीत अडकल्यास अशी कावीळ होते. तिच्यासोबत ताप असेल, तर जिवाला धोका असतो.
• पोटात असह्य, पाठीत जाणारी वेदना व सतत उलट्या. खड्यामुळे स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते.

पोटाच्या वरच्या भागातील प्रत्येक वेदना पित्ताशयाचीच असते असे नाही. हृदयविकाराचा झटकाही कधी कधी 'पित्ता'सारखा भासतो. म्हणून अशा वेदनेबरोबर घाम, धाप किंवा छातीत दडपण असल्यास तातडीने हृदयाचा आलेख काढून घ्यावा लागतो.

५. निदान

डॉक्टर प्रथम वेदनेची हकिकत विचारतात. वेदना कोठे, केव्हा, किती वेळ, कशानंतर, हे रुग्णाने नेमक्या शब्दांत सांगितले, तर निम्मे काम होते. 'पित्त झाले' एवढेच सांगण्यापेक्षा 'जेवणानंतर उजव्या बरगडीखाली दोन तास कळ होती' हे सांगणे कितीतरी उपयोगाचे ठरते.

पित्ताशयातील खडे ओळखण्याची मुख्य तपासणी म्हणजे सोनोग्राफी होय. तीत ध्वनिलहरींचा वापर होत असल्याने ती वेदनारहित असते आणि गरोदरपणातही करता येते. तपासणीपूर्वी साधारण ६ ते ८ तास उपाशी राहण्यास सांगतात. कारण भरलेले पित्ताशय अधिक स्पष्ट दिसते. साध्या क्ष-किरण चित्रात बहुतेक खडे दिसत नाहीत. सूज, कावीळ किंवा स्वादुपिंडाचा त्रास आहे काय, हे पाहण्यासाठी रक्ताच्या तपासण्या करतात. पित्तवाहिनीत खडा असल्याची शंका आल्यास एमआरआय यंत्राने पित्तमार्गाचे चित्र घेतात.

६. उपचार

खडे आहेत पण त्रास नाही, अशा वेळी बहुधा शस्त्रक्रिया लागत नाही. लक्ष ठेवणे पुरेसे असते. अगदी मोठा खडा, पित्ताशयाच्या भिंतीतील बदल अशा काही परिस्थितींत मात्र डॉक्टर वेगळा सल्ला देतात.

कळा येऊ लागल्यावर चित्र बदलते. एकदा कळ आली, की ती पुन्हा येण्याची आणि गुंतागुंत होण्याची शक्यता वाढते. तेव्हा पित्ताशय काढून टाकणे हाच खात्रीचा उपाय ठरतो. खडे विरघळवणारे औषध आहे. परंतु ते कोलेस्टेरॉलच्या लहान खड्यांपुरतेच उपयोगी पडते, अनेक महिने घ्यावे लागते आणि ते थांबवल्यावर खडे पुन्हा होऊ शकतात. तेल आणि लिंबाचा रस पिऊन खडे पडतात, असा एक प्रचार असतो. त्यानंतर शौचातून पडणारे मऊ, हिरवट गोळे हे त्या तेलापासूनच आतड्यात बनलेले असतात; ते खडे नसतात.

केवळ खडे काढून पित्ताशय का ठेवत नाहीत, असा प्रश्न अनेकांना पडतो. पूर्वी शल्यविशारद तसेच करत असत. पण खडे पुन्हा होत. बर्लिनमधील कार्ल लांगेनबुख यांनी १८८२ मध्ये संपूर्ण पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. खडे जेथे तयार होतात ती जागाच काढली पाहिजे, हा त्यांचा विचार होता. पुढे १९८५ मध्ये जर्मनीतच एरिच म्यूहे यांनी हीच शस्त्रक्रिया दुर्बिणीद्वारे केली. भारतात ती १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी प्रथम केली.

आता बहुतेक शस्त्रक्रिया याच पद्धतीने होतात. पूर्ण भूल देऊन पोटावर तीन-चार लहान छिद्रे पाडतात. रुग्ण बहुधा एक-दोन दिवसांत घरी जातो. क्वचित सूज फार असल्यास पोट उघडावे लागते. ते अपयश नसून सुरक्षिततेसाठी घेतलेला निर्णय असतो. पित्तवाहिनीला इजा होण्याचा धोका थोडा, पण खरा आहे. म्हणून अनुभवी शल्यविशारद निवडावा. पित्तवाहिनीत अडकलेला खडा तोंडावाटे दुर्बीण घालून काढता येतो. काढलेले पित्ताशय सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घेणे हिताचे असते. कारण उत्तर भारतात, विशेषतः गंगेच्या खोऱ्यात, पित्ताशयाचा कर्करोग तुलनेने अधिक आढळतो.

पित्ताशय काढल्यावरही यकृत पित्त तयार करतच राहते. ते थेट आतड्यात उतरते आणि अन्न पचते. काहींना काही आठवडे पातळ शौचास होते. त्यानंतर बहुतेकांना नेहमीचे जेवण घेता येते.

खर्चाच्या भीतीने उपचार लांबवू नयेत. ही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत होते. २०१८ पासून सुरू असलेल्या आयुष्मान भारत योजनेतही पात्र कुटुंबांसाठी तिचा समावेश आहे.

पाठगत प्रश्न २
(अ) सोनोग्राफीपूर्वी उपाशी का राहावे लागते?
(आ) पित्ताशय काढल्यावर पचन कसे चालू राहते?

शब्दार्थ
यकृत – पोटाच्या वरच्या भागात उजवीकडे असलेला, पित्त तयार करणारा अवयव
पित्तवाहिनी – पित्त आतड्यात नेणारी नळी
स्वादुपिंड – पाचक रस व इन्सुलिन तयार करणारी ग्रंथी
गांधी – अंगावर उठणारे खाजरे चट्टे
शल्यविशारद – शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर

भाषाभ्यास

'आशय' म्हणजे साठण्याची जागा. पित्त + आशय = पित्ताशय. येथे अ + आ = आ असा स्वरसंधी झाला आहे. 'पित्ताचा आशय' असा विग्रह होत असल्याने हा षष्ठी तत्पुरुष समास आहे. मूत्राशय, गर्भाशय, जलाशय हे शब्दही असेच बनले आहेत.

पाठाचा सारांश

पित्ताशयातील मूक खड्याची भीती बाळगू नये आणि कळ देणाऱ्या खड्याकडे दुर्लक्ष करू नये. पंगतीनंतरची कळ दुसऱ्यांदा आली, तर त्या गृहिणीने दुधाचा पेला नव्हे, तर सोनोग्राफीची चिठ्ठी मागावी. दुखण्याला योग्य नाव मिळाले, की योग्य उपचाराची वाट सापडते.

स्वाध्याय
१. 'पित्त' या शब्दाचे पाच अर्थ लिहून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.
२. आम्लता आणि खड्याची कळ यांतील फरक चार-पाच वाक्यांत स्पष्ट करा.
३. कोणत्या खुणा दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे?
४. पोटदुखीची हकिकत डॉक्टरांना सांगणारा रुग्ण आणि डॉक्टर यांच्यातील संवाद लिहा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे
१. (अ) यकृतात तयार होते, पित्ताशयात साठते. (आ) पित्ताशय मूत्रमार्गाला जोडलेले नाही.
२. (अ) पित्ताशय भरलेले राहून स्पष्ट दिसावे म्हणून. (आ) यकृतातील पित्त थेट आतड्यात उतरते.