ग्राहकांचा कैवारी

पुण्याहून बंगळूरकडे जाणारा महामार्ग नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरतो, खंबाटकीचा घाट चढतो आणि सातारा व कराड ही शहरे मागे टाकून सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यातून कोल्हापूरकडे जातो. या मार्गावर अपघात घडला, की लोकांच्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो असा : “चालकाची चूक असेल!” पुष्कळदा ते खरेही असते. परंतु माणूस म्हटला की तो केव्हा तरी चुकणारच. त्या चुकीची शिक्षा त्याने व त्याच्या सोबत्यांनी प्राणाने भोगावी, हे मात्र न्यायाचे नव्हे. एप्रिल २०१८ मध्ये खंबाटकी बोगद्यापुढील नागमोडी वळणावर मजुरांना घेऊन जाणारा टेम्पो उलटला आणि किमान १७ जण मृत्युमुखी पडले. अशा वेळी वळण कसे होते आणि माणसे बसली होती ते वाहन माणसांसाठी होते काय, हेही प्रश्न विचारले पाहिजेत.

असे प्रश्न निर्भयपणे विचारणाऱ्या राल्फ नेडर या अमेरिकन वकिलाची ही कथा आहे.

नेडर यांचा जन्म २७ फेब्रुवारी १९३४ रोजी कनेक्टिकट राज्यातील विन्स्टेड या लहानशा गावी झाला. त्यांचे आईवडील लेबनॉन देशातून अमेरिकेत येऊन स्थायिक झाले होते. वडिलांचे उपाहारगृह होते. तेथे गावकरी सार्वजनिक प्रश्नांवर वादविवाद करीत. मुलगा शाळेतून घरी आला, की आज तू नुसता विश्वास ठेवायला शिकलास की विचार करायला शिकलास, असे वडील त्याला विचारीत. त्या प्रश्नाचे संस्कार नेडर यांच्या मनावर कायमचे उमटले. १९५८ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातून ते वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढच्याच वर्षी मोटारींच्या सुरक्षिततेविषयी त्यांचा पहिला महत्त्वाचा लेख प्रसिद्ध झाला.

त्या काळी कारखानदारांचे लक्ष मोटारीच्या डौलाकडे व वेगाकडे अधिक असे. नोव्हेंबर १९६५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नेडर यांनी या वृत्तीवर कडाडून टीका केली. प्रत्येक अपघातात दोन टकरी होतात, हे त्यांनी लोकांना समजावून दिले. पहिली टक्कर मोटारीची. मोटार थांबते, परंतु आतील माणूस आपल्या वेगाने पुढे जातच राहतो आणि सुकाणूवर, फळीवर किंवा काचेवर आदळतो. ही दुसरी टक्कर होय. एस. टी. चालकाने एकाएकी ब्रेक दाबला म्हणजे उभे असलेले उतारू पुढे कोलमडतात. त्यामागेही हेच कारण असते. पहिली टक्कर टळली नाही, तरी पट्टा, मऊ फळी आणि दबणारा सुकाणूदंड यांनी दुसरीची धार बोथट करता येते.

जनरल मोटर्स या बलाढ्य कंपनीच्या कॉर्व्हेअर मोटारीवर ग्रंथाचे पहिलेच प्रकरण होते. कंपनीने उत्तर देण्याऐवजी नेडर यांच्या पाठीमागे खाजगी गुप्तहेर लावले. त्यांच्या चारित्र्यात काही वैगुण्य सापडते काय, याचा शोध सुरू झाला. काही सापडले नाही. उलट कंपनीचेच बिंग फुटले. २२ मार्च १९६६ रोजी सिनेटच्या समितीपुढे कंपनीच्या अध्यक्षांना नेडर यांची जाहीर क्षमा मागावी लागली. त्याच वर्षी ९ सप्टेंबरला वाहनसुरक्षेच्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वाक्षरी केली. नव्या मोटारींत पट्टे सक्तीचे झाले. विकलेल्या मोटारीत दोष आढळल्यास तो मालकाला कळविण्याचे बंधन कारखानदारावर आले.

पुढे कंपनीकडून तडजोडीत मिळालेले ४,२५,००० डॉलर नेडर यांनी लोकहिताच्या कार्याला लावले. त्यांच्याभोवती जमलेल्या तरुणांनी अन्न, औषधे, पाणी अशा अनेक क्षेत्रांत शोध घेतला. त्यांचे प्रत्येक मत मात्र निर्विवाद ठरले नाही. कॉर्व्हेअर ही त्या काळच्या इतर मोटारींहून अधिक धोकादायक नव्हती, असा निष्कर्ष १९७२ मधील सरकारी चौकशीने काढला. तथापि त्यांनी उपस्थित केलेला मूळ प्रश्न खराच होता.

आपल्याकडेही ही जाणीव रुजली. १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य आरंभिले. १९८६ मध्ये देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. २०१९ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. सातारा व सांगली येथील जिल्हा आयोगांपुढे सामान्य ग्राहकालाही दाद मागता येते. सदोष मोटारी परत मागविण्याचा आदेश देण्याचा अधिकार २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने केंद्र सरकारला मिळाला आणि २०२३ पासून मोटारींची टक्कर-चाचणी घेऊन त्यांना तारांकित श्रेणी देण्याची भारतीय पद्धत सुरू झाली.

परंतु कायदा कितीही चांगला असला, तरी तो जागविणारी माणसे हवीत. गळीत हंगामात रात्री उसाने भरलेल्या ट्रॉल्या साखर कारखान्यांकडे जात असतात. ट्रॉलीच्या मागे चकाकणारी तांबडी पट्टी नसेल, तर मागून येणाऱ्याला ती वेळीच दिसत नाही. ती पट्टी चार पैशांची. तिच्यावाचून जाणारा जीव अमोल! ती का नाही, असे नम्रपणे पण ठामपणे विचारणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे. विचारणारा एकटा असला म्हणून त्याचा प्रश्न लहान ठरत नाही.

स्वाध्याय
१. ‘दुसरी टक्कर’ म्हणजे काय, ते उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. वडिलांच्या प्रश्नाचा नेडर यांच्या जीवनावर कोणता परिणाम झाला असावा?
३. आपल्या गावच्या रस्त्यावरील एका धोक्याविषयी ग्रामपंचायतीस किंवा नगरपालिकेस पत्र लिहा.