आई होती तोवर विचारलं नाही

‘तुमच्या लहानपणाबद्दल सांगू शकेल असं घरात कोणी आहे का?’

पुण्यातल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी हे विचारलं, तेव्हा माझ्या आईला जाऊन चौदा महिने झाले होते. मी पिशवीत सगळं घेऊन गेले होते. थायरॉइडचे रिपोर्ट, आधीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, आणि खतावणी मांडावी तशी चार पानांवर मांडलेली माझी लक्षणं. पहिल्या पाच वर्षांचं पान तेवढं कोरं होतं, आणि ते भरणारं माणूस आता नव्हतं.

मी सांगलीची. एका सहकारी पतसंस्थेत कॅश काउंटरवर अठरा वर्षं सुखात काढली. पैसे घ्यायचे, मोजायचे, द्यायचे. बोलायची वाक्यं ठरलेली. संध्याकाळी रोजमेळ जुळला की दिवस मिटला. २०१५ मध्ये मला शाखाधिकारी केलं, घरी पेढे वाटले, आणि तिथून माझी घसरण सुरू झाली. ठेवीदारांच्या घरच्या बारशाला जायचं, संचालकांची मर्जी चेहऱ्यावरून ओळखायची, थकबाकीदाराशी गोड बोलून वसुली करायची. फोन करण्याआधी मी पैसे काढायच्या स्लिपच्या पाठीवर माझी वाक्यं लिहून काढायची. पलीकडच्यानं मधेच ‘बाकी काय, मुलं कशी आहेत?’ म्हटलं की माझी पंचाईत, कारण ते स्लिपवर नसायचं. घरी आल्यावर कुकरच्या शिट्टीनं रडू फुटायचं. वर्षभरात डिप्रेशनच्या गोळ्या सुरू झाल्या.

२०१७ मध्ये धाकट्या जावेबरोबर पुतण्याला घेऊन ऑटिझमच्या तपासणीसाठी कोल्हापूरला गेले. तो तेव्हा चार वर्षांचा. तिथल्या बाई प्रश्न विचारत होत्या. हाक मारली तर बघतो का? गाडी चालवतो की नुसती चाकं फिरवत बसतो? कपड्यांची लेबलं टोचतात का? रोजचा रस्ता बदलला तर काय करतो? जाऊ उत्तरं देत होती आणि मी शेजारच्या खुर्चीत माझी उत्तरं देत होते. ब्लाउजची लेबलं मी आजही उसवून काढते. घरून संस्थेत जायच्या वाटेवरची गल्ली खणली होती, तर त्या दिवशी मी रजा टाकली होती. रजेच्या अर्जात ‘पोटदुखी’ लिहिलं.

परतीच्या एसटीत सबंध आयुष्य उलटं वाचल्यासारखं झालं. आपल्याकडे बोलण्यात जे म्हणायचं असतं ते क्वचितच म्हटलेलं असतं, आणि मला म्हटलेलं तेवढंच ऐकू येतं. पाहुण्यांनी ‘चहा नको’ म्हटलं की मी आधण उतरवून ठेवायची. आपल्याकडचा पहिला ‘नको’ हा ‘नको’ नसतो, हे मला सासूबाईंनी लग्नानंतर तिसऱ्या वर्षी समजावलं. तेव्हापासून मी मोजून तीनदा आग्रह करते. एका खातेदार बाईंनी ‘या की एकदा घरी’ म्हटलं, तर मी पुढच्या रविवारी सकाळी दहाला त्यांच्या दारात उभी. त्या केस धुऊन बसल्या होत्या. मला डोळ्यांत बघून बोलता येत नाही, म्हणून बायकांशी बोलताना मी कपाळावरच्या टिकलीकडे बघते आणि पुरुषांशी बोलताना चष्म्याच्या दांडीकडे. कोणाला कळत नाही. हळदीकुंकवाहून आले की मात्र दोन तास अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागतं.

लहानपणी यासाठी घरात शब्द होते : घुमी, एकलकोंडी, माणूसघाणी. ‘स्वमग्न’ हा त्यांच्या मानानं सभ्य शब्द, पण मला तो पटत नाही. स्वतःत मग्न व्हायला मिळालं असतं तर आणखी काय हवं होतं? माझा सगळा दिवस दुसऱ्यांचे चेहरे वाचण्यात जातो, आणि तेही शब्दकोश हातात धरून. मी आपली ‘ऑटिझम’च म्हणते.

इथवर ठीक होतं. पुढे मी जे केलं ते कोणी करू नये.

२०१८ मध्ये मोबाइलवर एक चाचणी सापडली. केंब्रिजच्या सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘ऑटिझम स्पेक्ट्रम कोशंट’. पन्नास विधानं, बत्तीस किंवा जास्त गुण पडले तर पुढे तपासून घ्यावं असा तिचा अर्थ. मला अडतीस पडले. ही चाळणी आहे, निदान नव्हे. लोकांत वावरायची भीती असणाऱ्याला, फार खचलेल्या माणसालाही तिच्यात बरेच गुण पडू शकतात. शिवाय पार्टी आवडते की वाचनालय असं विचारणारी ती विलायती प्रश्नपत्रिका, आमच्या पार्ट्या म्हणजे बारसं नि वास्तुशांत. हे सगळं मला आज कळतं. त्या रात्री मात्र पेपर फुटल्याचा आनंद झाला. आपल्याला डिप्रेशन नव्हतंच, चुकीच्या रोगाची औषधं खात होतो, असं ठरवून दुसऱ्या दिवसापासून मी गोळ्या बंद केल्या. डॉक्टरांना विचारलं नाही. ‘अहो, माझं कोडं सुटलं,’ एवढंच नवऱ्याला सांगितलं.

सात आठवड्यांनी मी हिशेबाच्या वहीवर डोकं ठेवून बसले होते आणि शिपाईमामा ‘मॅडम, मॅडम’ करत होते. त्याआधीच्या चार रात्री झोप नव्हती. मनात जे विचार येत होते ते इथे लिहीत नाही. डिप्रेशन होतंच. ऑटिझम असलेल्या माणसाला डिप्रेशन आणि चिंतारोग होण्याची शक्यता उलट जास्त असते. ऑटिझमवर गोळी नाही, पण त्याच्या जोडीनं आलेल्या दुखण्यावर आहे, आणि ती मला लागत होती. गोळ्या पुन्हा चालू झाल्या. डॉक्टर रागावले, नवरा घाबरला, आणि मला अशी लाज वाटली की ‘ऑटिझम’ हा शब्दच मी कपाटात टाकून दिला. एका रात्रीच्या घाईनं चार वर्षं खाल्ली.

त्या चार वर्षांतल्या सुरुवातीच्या काळात आई होती. मिरजेत, रिक्षानं वीस मिनिटांवर. दर गुरुवारी मी जायची, तिच्या हातची ज्वारीची भाकरी खायची, आणि विचारायची नाही. मी बोलायला कधी लागले, हे तिच्याशिवाय कोणाला ठाऊक होतं? पण पुतण्याचं कळल्यावर आमच्याकडच्या वडीलधाऱ्यांनी जावेला काय काय ऐकवलं ते मी पाहिलं होतं. टीव्हीपुढे बसवलंस, नोकरी सोडली नाहीस. एके काळी डॉक्टरसुद्धा हेच म्हणत. आईच्या थंडपणानं मूल असं होतं, हा समज पाश्चात्त्य देशांत वर्षानुवर्षं चालला. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञानं पुस्तक लिहून तो खोडून काढायला घेतला. त्याचा स्वतःचा मुलगा ऑटिस्टिक होता. मला वाटायचं, मी विचारलं तर आईला तो आरोप वाटेल. २०२१ च्या जानेवारीत ती झोपेतच गेली.

आता पुण्यातल्या बाईंच्या त्या प्रश्नाकडे येते. मोठेपणी निदान करताना डॉक्टर लहानपण का खणतात? अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये निदानाच्या निकषांची पाचवी आवृत्ती काढली. तिच्यात अट आहे की लक्षणं वाढीच्या सुरुवातीच्या काळापासून असली पाहिजेत. चाळिशीत नव्यानं उगवलेलं एकटेपण म्हणजे ऑटिझम नव्हे. ते थायरॉइड असेल, आघात असेल, आणखी काही असेल. पण त्याच अटीला एक पुस्ती आहे आणि ती बाईंनी मला दोनदा वाचून दाखवली : जगाच्या मागण्या माणसाच्या आवाक्याबाहेर जाईपर्यंत ही लक्षणं पुरती दिसणार नाहीत, किंवा शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली झाकलेली राहतील. शाखाधिकारीपद म्हणजे माझ्या आवाक्याबाहेरची मागणी. स्लिपवरची वाक्यं, टिकली, तीनदा आग्रह, या माझ्या युक्त्या. निकष लिहिणाऱ्यांनी सांगली पाहिली नसेल, पण ते वाक्य माझ्या काउंटरमागे उभं राहून लिहिल्यासारखं होतं.

आई नाही म्हटल्यावर बाईंनी हात टेकले नाहीत. त्या म्हणाल्या, जे मिळेल ते आणा. मी दोन महिने कागद शोधले. चौथीच्या प्रगतिपुस्तकात शेरा सापडला : ‘अभ्यासात उत्तम. वर्गात मिसळत नाही. प्रश्न विचारल्यास खाली बघते.’ आईनं धाकट्या मावशीला पाठवलेली आंतरदेशीय पत्रं मावशीनं जयसिंगपूरला ट्रंकेत ठेवली होती. एकात लिहिलं होतं, की बाळी पंढरपूरच्या छोट्या गाडीची सगळी स्टेशनं ओळीनं म्हणते, मधेच थांबवलं तर रडून पुन्हा मिरजेपासून सुरू करते. आरग, बेळंकी, सलगरे, कवठे महांकाळ. अजून येतात. मावशीनं सांगितलं, मी चिंचोक्यांशी खेळायची नाही, आकारानं लहानमोठे लावून ठेवायची, आणि थोरल्या मामाच्या लग्नात बँड सुरू झाल्यावर मला धान्याच्या कणगीमागून शोधून काढलं होतं. ‘तुझी आई म्हणायची, हिला मोठ्या आवाजाचं दुखतं गं,’ मावशी म्हणाली. घाबरते नव्हे, दुखतं. म्हणजे आईला ठाऊक होतं. मी विचारलं असतं तर तिला आरोप वाटला नसता. तिला बहुतेक बरंच वाटलं असतं.

तीन बैठका झाल्या आणि निदान मिळालं. मी सत्तेचाळीस वर्षांची होते.

कोणाला हे वाचताना एसटीतल्या माझ्यासारखं झालं असेल, तर थोडं सांगते. चालू गोळ्यांना हात लावू नका. चाचणी जरूर करा, पण तिचे गुण घेऊन डॉक्टरांकडे जा, नातेवाइकांच्या ग्रुपवर नको. आधी साधी रक्ततपासणी आणि कानांची तपासणी करून घ्या. जाण्याआधी फोन करून विचारा, मोठ्या माणसांचं ऑटिझमचं निदान तुम्ही करता का? मुलांचं करणारे पुष्कळ, मोठ्यांचं करणारे थोडे. मला सांगली-कोल्हापुरात सापडले नाहीत म्हणून पुणं गाठावं लागलं. ‘तुम्ही नोकरी करता, लग्न झालंय, मग कसला ऑटिझम?’ असं पाच मिनिटांत म्हणणारे एक डॉक्टर मला मधे भेटले, तुम्हालाही भेटतील. तिथून उठा, दुसरा शोधा. त्यातून बाईचं निदान आणखी अवघड. लिओ कॅनर या डॉक्टरनं १९४३ मध्ये ऑटिझमवरचा पहिला गाजलेला लेख लिहिला तेव्हा त्याच्या अकरा मुलांत मुली तीनच होत्या. गप्प बसणारी मुलगी आपल्याकडे गुणी ठरते, तिला कोण डॉक्टरकडे नेणार?

आणि रात्र फारच जड झाली तर टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीला, १४४१६ वर फोन करा. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. फोन हेच ज्याचं दुखणं त्याला हे सांगताना मला ओशाळल्यासारखं होतं. वाक्यं लिहून घ्या, ती वाचून दाखवा. चालतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे. निदान वेगळं आणि सरकारी प्रमाणपत्र वेगळं, ते शासकीय वैद्यकीय यंत्रणेकडून मिळतं. मी अजून काढलेलं नाही. शाखाधिकारीपद सोडून अंतर्गत तपासणीकडे बदली मागितली, पगारात थोडं खाली आले. संस्थेत सचिवांना सांगितलं, बाकी कोणाला नाही. नवऱ्यानं ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, ‘अगं, म्हणजे मी “चालेल” म्हणतो तेव्हा तुला खरंच चालेल वाटतं?’ आता ते हो किंवा नाही सांगतात, आणि कुकर मी बाजारात गेले की लावतात. बँडच्या लग्नाला मी अक्षता पडायच्या वेळेला पोहोचते आणि जेवून निघते.

तुमची आई, मावशी, आत्या, शाळेतले गुरुजी, यांतलं जे कोणी हयात असेल त्यांच्याकडे वही घेऊन जा. ‘मला काय झालंय’ असं विचारू नका, ‘मी लहानपणी कशी होते’ एवढंच विचारा. निदानाला पुढे कधी जाल, न जाल. मावशी आता एक्क्याऐंशीची आहे, डाव्या कानानं ऐकू येत नाही. मी दर रविवारी जयसिंगपूरला जाते, तिच्या उजव्या बाजूला बसते. कालच्या रविवारी बँडची गोष्ट सांगताना तिनं मामा बदलला.