देवाची उपकरणी : तांबे, पितळ आणि चांदी

दत्तजयंती जवळ आली की घरोघरी देवाची उपकरणी घासायला निघतात आणि सगळ्यांना एकच चिंच लावली जाते. इथेच गडबड होते.

तांब्या-पितळेवरचा काळपट थर आंबटात विरघळतो. म्हणून भिजवलेली चिंच, आमसूल किंवा मीठ लावलेली लिंबाची फोड फिरवली की ताम्हण, समई लखलखते. मात्र लगेच धुऊन फडक्याने कोरडे करा, नाहीतर हिरवट डाग पडलेच म्हणून समजा.

चांदीचे निराळे. ती काळवंडते हवेतल्या गंधकामुळे, तिथे चिंचेचे काही चालत नाही. राखेने, दंतमंजनाने खसाखसा घासली तर काळेपणाबरोबर चांदीही जाते. आम्ही बँकवाले ज्याला घसारा म्हणतो तो हाच! पादुकांवरची बोटे अशीच वर्षागणिक पुसट होतात. त्यापेक्षा पातेल्यात पोळ्या गुंडाळायचा अॅल्युमिनियमचा कागद अंथरा, चांदी त्याला टेकलेली राहू द्या, वर कढत पाणी आणि लिटरला दोन चमचे खाण्याचा सोडा. पाच-दहा मिनिटांत गंधक चांदीला सोडून जाते, चांदी जागच्या जागी राहते. आत लाख भरलेले मुखवटे, खड्यांचे किंवा मुलाम्याचे दागिने यात घालू नका. त्यांना मऊ फडके पुरे.

आणि घासून कितीही लखलखीत केले, तरी तांब्या-पितळेच्या भांड्यात पंचामृत कालवू नये. दही कळकते, तांबे त्यात उतरते, मग मळमळ, उलट्या. तीर्थ लहान मुलेही घेतात. चांदीची वाटी घ्या, नसेल तर सरळ स्टीलची.