वाचलेला वेळ जातो कुठे?
(घरगुती यंत्रांविषयी एक छोटा अभ्यास)

अर्थशास्त्राच्या तासाला ‘श्रम वाचवणारी यंत्रे’ हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर कापडगिरण्या उभ्या राहतात, ट्रॅक्टर उभे राहतात. स्वयंपाकघरातला कुकर किंवा मिक्सर हेही श्रम वाचवणारे यंत्रच आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. माझ्याही आले नव्हते. ते यावे याला आमच्या घरातला एक अपघात कारण झाला. त्यातून जे शिकलो ते माझ्या विद्यार्थी-मित्रांपुढे आणि गुरुजनांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

अपघाताच्या आधीची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढचे नीट कळणार नाही. परीक्षेच्या दिवसांत एकदा चहाला उशीर झाला म्हणून मी आईवर चिडलो आणि म्हणालो, “घरात गॅस आहे, कुकर आहे, मिक्सर आहे, कपडे धुवायला मशीन आहे. मग तुला दिवसभर काम तरी काय असतं गं?” आई काही बोलली नाही. तिने चहा पुढे ठेवला आणि ती आत गेली. पुढे दोनच महिन्यांनी ती मोरीत पाय घसरून पडली आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर. बाबांची नोकरी सकाळी आठची, धाकट्या बहिणीचे दहावीचे वर्ष. तेव्हा स्वयंपाकघराचा कारभार ओघानेच माझ्याकडे आला. ज्या यंत्रांची यादी मी आईला ऐकवली होती, ती सगळी आता माझ्या ताब्यात होती.

कुकरचे शास्त्र

पहिल्याच दिवशी मी कुकरच्या बारा शिट्ट्या केल्या. भाताची पेज झाली आणि तळाचे पाणी आटून कुकर काळा पडला. शिट्ट्या जितक्या जास्त तितके चांगले, अशी माझी समजूत! मग मात्र मी या भांड्याचा अभ्यास केला.

उघड्या पातेल्यात पाणी समुद्रसपाटीला १०० अंश सेल्सिअसला उकळते. जाळ कितीही मोठा केला तरी उकळत्या पाण्याचे तापमान त्यापुढे जात नाही; फक्त पाणी लवकर आटते. कुकरमध्ये वाफ कोंडली जाते, आतला दाब वाढतो, आणि पाणी उकळण्याचे तापमान सुमारे १२० अंशांपर्यंत चढते. या वीस अंशांमुळेच तासभर शिजणारी डाळ पंधरा-वीस मिनिटांत मऊ होते. ही कल्पना फार जुनी आहे. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लंडनमध्ये असे पहिले भांडे तयार केले. हाडेसुद्धा मऊ करणारे यंत्र म्हणून त्याने ते लोकांपुढे मांडले. जादा वाफ सोडणारी सुरक्षा-झडपही त्याचीच.

शिट्टी होते याचा अर्थ ठरलेला दाब आत तयार झाला आहे आणि जादा वाफ वजन उचलून बाहेर पडते आहे. म्हणजे पहिल्या शिट्टीनंतर मोठा जाळ ठेवला तर आतले अन्न अधिक तापत नाही. गॅस आणि पाणी मात्र वाया जाते. म्हणून पहिली शिट्टी होताच गॅस बारीक करावा आणि पुढे शिट्ट्या न मोजता घड्याळ पाहावे. कुकर दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये. डाळी-कडधान्ये फुगतात व फेसाळतात, ती निम्म्यापर्यंतच घालावीत. शिट्टीचे भोक रोज उजेडासमोर धरून पाहावे, कारण डाळीचे एक साल त्यात अडकले तरी वाफेची वाट बंद होते. तसे झालेच तर झाकणावरची सुरक्षा-झडप वितळून वाफ सोडते. ती वितळली तर नवीन घालावी, पण तिच्या जागी दुसरे काही ठोकून बसवू नये. तळच्या पाण्यात लिंबाची वापरलेली फोड टाकली तर ॲल्युमिनियम काळे पडत नाही. हे शेवटचे ज्ञान आईचे. तिने ते खाटेवरून सांगितले.

मिक्सर आणि पाटा

मिक्सरच्या बाबतीतही माझी फजिती ठरलेलीच होती. भांडे काठोकाठ भरून मी तो तीन-चार मिनिटे सलग चालवला आणि तो मध्येच बंद पडला. मोटर जळाली असे समजून मी घाबरलो. शेजारच्या काकूंनी मिक्सर उपडा करून तळाचे लाल बटण दाबले आणि तो पुन्हा सुरू झाला. मोटरवर ताण आला की हे बटण वीज तोडते. मिक्सर थोडा थोडा, थांबून थांबून चालवायचा असतो. कोरडे आधी, ओले नंतर, आणि भांडे निम्मेच भरायचे, हे त्या दिवशी कळले.

पाट्यावरची चटणी वेगळी लागते असे जाणती माणसे म्हणतात, त्यात नुसता गतकाळाचा मोह नाही. वरवंटा पदार्थ चिरडतो, मिक्सरचे पाते तो कापते, आणि वेगामुळे चटणी गरमही होते. पण म्हणून रोज पाटा वापरावा असे मी म्हणणार नाही. पाट्यावर वाकणारी पाठ आपली नसली की चवीचे गोडवे गाणे सोपे जाते.

विजेच्या खर्चाविषयीही घराघरांत चुकीच्या समजुती असतात. मिक्सरचा आवाज मोठा, म्हणून तो वीज खातो असे आमच्याकडे मानले जाई. हिशेब असा आहे : १००० वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. ५०० वॅटचा मिक्सर रोज सहा मिनिटे चालला तर महिन्याला दीड युनिट होते. २००० वॅटचा गीझर रोज अर्धा तास चालला तर महिन्याला ३० युनिट, म्हणजे मिक्सरच्या वीसपट. बिल कमी करायचे असेल तर चटणीवर नव्हे, अंघोळीच्या पाण्यावर नजर ठेवली पाहिजे.

वहीतील नोंदी

चौथ्या आठवड्यापासून मी एका वहीत वेळ लिहू लागलो. एक उदाहरण देतो. ओल्या नारळाची चटणी करताना मिक्सर दीड मिनिट चालला. नारळ फोडणे, खोवणे, कोथिंबीर निवडणे व धुणे, आणि शेवटी पात्याखाली अडकलेला चोथा काढून भांडे घासणे, यांत अठरा मिनिटे गेली. कपड्यांच्या मशीनचेही तेच. ते पाऊण तास आपले आपण चालते खरे; पण कपडे गोळा करणे, खिसे तपासणे, रंग जाणारे वेगळे काढणे, वाळत घालणे, पाऊस आला की धावत जाऊन काढणे, घड्या घालणे ही कामे मशीनच्या अलीकडची आणि पलीकडची आहेत. ती पूर्वी होती तशीच आहेत.

आणि एक काम असे निघाले की ते वहीत लिहिताच येईना. ते म्हणजे लक्षात ठेवणे. रात्री झोपण्यापूर्वी मटकी भिजत घालायची आहे, दुधाला विरजण लावायचे आहे, सिलिंडर हलका लागतो आहे तर नंबर लावायला हवा, बाबांच्या गोळ्या दोनच उरल्या आहेत. या कामाला मिनिटे नाहीत, पण त्याला सुट्टीही नाही. ग्रंथालयात पुस्तक उघडून बसलो तरी माझे अर्धे चित्त घरच्या दुधावर असे. आई वर्तमानपत्र वाचताना मध्येच का उठते, हे मला तेव्हा समजले.

काम कमी झाले की वाटणी बदलली?

हा अनुभव माझ्या एकट्याचा आहे की त्यामागे काही नियम आहे, हे पाहण्यासाठी मी वाचन केले. रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार स्त्रीने १९८३ मध्ये ‘मोअर वर्क फॉर मदर’ हा ग्रंथ लिहिला. त्याचे प्रतिपादन थोडक्यात असे की, अमेरिकेत घरगुती यंत्रे आली तेव्हा प्रथम सुटली ती पुरुषांची व मुलांची कामे. सुधारलेल्या शेगडीमुळे लाकूड कमी लागू लागले आणि लाकूड फोडणाऱ्याचे श्रम वाचले; स्वयंपाक करणारीचे वाचले नाहीत. नोकरचाकर गेले आणि त्यांचे कामही गृहिणीकडे आले. शिवाय अपेक्षा वाढल्या. कपडे धुणे सोपे झाले, म्हणून ते अधिक वेळा धुतले जाऊ लागले.

आपल्याकडे हे जसेच्या तसे लागू करता येणार नाही. पहाटे उठून जात्यावर बसणारी बाई पिठाच्या गिरणीमुळे मोठ्या कष्टातून सुटली, आणि डबा गिरणीत नेण्याचे काम पुष्कळदा पोराकडे आले. येथे यंत्राने खरोखरच बाईचा भार हलका केला. जात्याबरोबर ओव्याही मागे पडल्या. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा लाखाहून अधिक ओव्या गोळा करून जतन केल्या, हे मोठेच काम आहे. तथापि ओव्या राहाव्यात म्हणून जाते राहावे असे कोणी म्हणू नये. गॅसचेही तेच. चुलीच्या धुराने डोळे आणि छाती दोन्ही जातात. घरगुती गॅस मुंबईत १९५५ मध्ये आला आणि गरीब घरांतील स्त्रियांना जोडणी देणारी उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली. मधे साठाहून अधिक वर्षे गेली. यंत्र कोणते आधी आणि कोणाच्या घरी येते, हा प्रश्न निव्वळ सोयीचा नाही.

पण कोवान यांचे म्हणणे आमच्या घराला लागू पडते, हे मला कबूल केले पाहिजे. आजी असताना पोळीभाजी, आमटी-भात एवढाच बेत असे. मिक्सर आला आणि इडली-डोसे रोजच्या न्याहारीत आले. फ्रीज आला आणि ताक, चटण्या, भिजवलेले पीठ यांची राखण आली. वेळ वाचला तो आईला मिळाला नाही. आमच्या जिभेला मिळाला.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत देशातील घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा रोजचा बिनमोल घरकामाचा वेळ सरासरी २९९ मिनिटे निघाला, आणि घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. शिवाय असे काम करणारे पुरुष शंभरात सव्वीसच्या आसपास, तर स्त्रिया एक्याऐंशी होत्या. आणि हे पाच तास राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाहीत. पिगू या अर्थशास्त्रज्ञाचे उदाहरण आपल्याला वर्गात सांगितले जाते : पगारी स्वयंपाकिणीशी मालकाने लग्न केले की काम तेच राहते, पण राष्ट्रीय उत्पन्न घटते. वर्गात या उदाहरणाला आम्ही हसलो होतो.

यंत्र घेण्यापूर्वी

या सहा आठवड्यांवरून माझी काही मते बनली आहेत. ती व्यवहारापुरती सांगतो.

१) हे काम आठवड्यातून किती वेळा निघते, ते आधी मोजावे. वर्षातून चार वेळा लागणारे यंत्र माळ्यावरच राहते.

२) यंत्र धुवायला किती वेळ लागतो ते दुकानात विचारावे. चालण्याच्या वेळेपेक्षा धुण्याचा वेळ मोठा असेल तर विळी आणि किसणी बऱ्या.

३) रिंग, शिट्टी, पाते हे सुटे भाग आपल्या गावात मिळतात का आणि दुरुस्ती करणारा कोण, हे पाहूनच कंपनी निवडावी.

४) ते वापरायला घरातल्या प्रत्येकाने शिकावे. एकालाच येणारे यंत्र त्या एकाचे काम वाढवते.

५) हे यंत्र नेमके कोणाचे श्रम वाचवणार आहे, हे विचारावे; आणि ज्याचे श्रम आहेत त्यालाच आधी विचारावे.

शेवटचा नियम मी स्वतः मोडला होता. प्लास्टर निघाल्यावर पश्चात्तापाच्या भरात मी शिष्यवृत्तीच्या पैशांतून आईसाठी पोळ्या करण्याचे विजेचे यंत्र आणायचे ठरवले. आईने माझे सगळे बोलणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “अरे, पोळ्यांचं मला ओझं नाही. वीस मिनिटांत होतात त्या. उद्या काय करायचं, हे रोज मी एकटीनेच ठरवते ना, त्याचं ओझं आहे. ते यंत्र मिळतं का बघ.”

असे यंत्र बाजारात नाही. म्हणून आम्ही स्वयंपाकघराच्या दारामागे एक पाटी लावली आहे. सोमवार, बुधवार आणि शुक्रवार या दिवशी काय करायचे हे मी ठरवतो. कडधान्य भिजवणे, सिलिंडरचा नंबर आणि बाबांच्या गोळ्या माझ्याकडे आहेत. पहिल्या महिन्यात दोनदा मटकी भिजवायची विसरलो, तेव्हा पिठले-भात झाला. बाबांनी तोंड वेडेवाकडे केले खरे, पण दुसऱ्या दिवसापासून मंगळवार त्यांनी आपल्याकडे घेतला.

परवा दुपारी घरी आलो तेव्हा आई वर्तमानपत्र वाचत होती. मी चहा ठेवला. ती मध्ये उठली नाही.